गिअर टाकताना करकर होते? किल्ली देण्याआधी हे वाचा

‘गिअर आवाज करतोय, बघून घ्या’ एवढंच सांगून बरेच ग्राहक किल्ली ठेवून कामावर जातात. कोणता गिअर, गाडी थंड असताना की तापल्यावर, गिअर चढवताना की उतरवताना, हे कळलं नाही तर आमचा अर्धा दिवस ट्रायल मारण्यातच जातो. सकाळी पहिल्या एक-दोन किलोमीटरपुरता येणारा आवाज तर गाडी गॅरेजपर्यंत येईतो गेलेलाही असतो. तशी तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी लावून जा. सकाळी थंड इंजिनावर आम्ही स्वतः ऐकतो.

त्याआधी घरी एक तपासणी करा. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून पाहा. दातावर दात येऊन एखादा अडला तर गाडी किंचित हलवून पुन्हा टाका. आता इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर अडकण्याआधी वेग जुळवणारा भाग) नसतो. घाईत टाकला तर तो करकरणारच, तो बिघाड नव्हे. पण थांबूनही करकरला आणि इंजिन बंद असताना गुपचूप पडत होता, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही. केबल ढिली झालेली असते, किंवा हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये हवा शिरलेली किंवा गळती असते. आणि कृपया पायाखालची मॅट आधी बघा! जाड मॅट पेडलखाली सरकली की क्लच तळापर्यंत जातच नाही. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला सांगू नका.

चालत्या गाडीत एकच गिअर करकरत असेल, बऱ्याचदा दुसरा, तर संशय सिंक्रोनायझरच्या रिंगवर. दात अडकण्याआधी दोन्ही भागांचा वेग घर्षणाने जुळवणं हे तिचं काम. ती झिजली की गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल आम्ही हट्टी आहोत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलं असताना ‘जास्त भारी’ म्हणून फक्त जीएल-५ दर्जाचं ऑइल भरून आणू नका. त्याने रिंगची पकड कमी होऊ शकते, आणि त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं रिंगच्या पितळेला खाऊ शकतात. तुमच्या मॉडेलला लागणारा ग्रेड आम्ही मागवून देतो.

फोनवर खर्चाचा आकडा आम्ही सांगत नाही, कारण केबल सेट करणं आणि गिअरबॉक्स उघडणं यांच्या खर्चात फार अंतर आहे. तपासणीचे पैसे घेतो. काम आमच्याकडे केलंत तर बिलातून वजा करतो. गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लच प्लेट बरीच झिजलेली दिसली तर त्याच वेळी बदलायला सुचवतो, कारण नंतर तेवढ्यासाठी उतरवण्याची मजुरी पुन्हा पडते. प्लेट आधी तुम्हाला दाखवू, मगच ठरवा. बदललेले जुने भाग गाडी नेताना मागून घ्या.