घरी जन्मलेल्या बाळालाही दाखला मिळतो

"सुइणीकडून घरी बाळंतपण केलं की पोलीस केस होते, दाखलाही मिळत नाही." धारावी-गोवंडीच्या नळांवर हे सर्रास ऐकू येतं. दोन्ही खोटं. घरी बाळंत होणं गुन्हा नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार घरच्या जन्माची खबर कुटुंबप्रमुखानं द्यायची. सुईण हजर असेल तर तिनंही कळवायचं. मुदत २१ दिवस, महापालिकेच्या विभाग कार्यालयात. वर्ष उलटलं की मात्र मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, खरे हेलपाटे तिथं सुरू होतात. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते; बारसं निवांत करा.

म्हणून सुईण म्हणजे डॉक्टर असंही नाही. नाळ ती सफाईनं बांधेल, पण वार अडकून रक्त थांबेना, तर तिच्या पिशवीत रक्ताची बाटली नसते. तेव्हा थेट १०८.