ठाणे खाडीच्या गाळातले डायटम आणि फोरामिनिफेरा

ऐरोलीकडे ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते, ती बरीचशी डायटमची. फोरामिनिफेराही अशाच गाळात राहतात. दोन्ही एकपेशीय, आणि मेल्यावर दोघांचीही कवचं मागे उरतात, म्हणून त्यांची सर्रास गल्लत होते.

डायटम हे शैवाल, उन्हावर जगणारं. त्याचं कवच सिलिकाचं, डबी आणि झाकणासारखं दोन भागांचं. फोरामिनिफेरा शैवाल नव्हेत. बारीक तंतू बाहेर काढून ते अन्न पकडतात. त्यांची कवचं बहुधा चुन्याची, कप्प्याकप्प्यांची. मोठी असली तर साध्या भिंगातूनही दिसतात.

खरी चूक होते ती प्रयोगशाळेत. फोरामिनिफेरा हवे असतील तर गाळ साधारणपणे ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात. बहुतेक डायटम त्याहून लहान, ते पाण्याबरोबर निघून जातात. डायटमसाठी गाळ आम्लाने साफ करतात, त्यात चुन्याची कवचं विरघळतात. म्हणजे एकाची तयारी दुसऱ्याचा पुरावा पुसते. नमुना हाती येताच त्याचे दोन भाग केलेच पाहिजेत, यात तडजोड नको.

डायटमच्या जातींवरून पाणी गोडं, मचूळ की खारं, आणि त्यात पोषकद्रव्यं किती, याचा अंदाज येतो. मात्र ही हलकी कवचं पावसाळ्यात दूरवरून वाहत येतात, म्हणून गोड्या पाण्यातला डायटम सापडला म्हणजे तो तिथेच वाढला असं नाही. तळाशी राहणारे फोरामिनिफेरा तळाची हालत सांगतात. त्यांच्यातला अमोनिया नावाचा गट (त्याच नावाचा वायू नव्हे) कमी प्राणवायू आणि बदलती क्षारता सोसतो. फक्त तोच भरपूर आणि बाकीचे गायब असतील तर तळावर ताण असल्याची शंका घ्यावी. खुल्या अरबी समुद्रात तरंगणाऱ्या ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या फोरामिनिफेराच्या जातीचं प्रमाण वेगळंच सांगतं: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खालचं थंड पाणी किती वर आणलं. खाडीतल्या गाळाला हा निकष लावू नये.

कांदळवनात आणखी सावध राहावं लागतं. तिथल्या आम्लधर्मी चिखलात चुन्याची कवचं विरघळून जातात आणि गाळाचे कण चिकटवून घर बांधणारे फोरामिनिफेराच उरतात. शिवाय सापडलेलं कवच जिवंत जिवाचं की जुनं, हे नुसतं पाहून कळत नाही. त्यासाठी ताजा नमुना रोझ बेंगाल रंगात ठेवतात; आतलं जीवद्रव्य, म्हणजे पेशीतला सजीव भाग, गुलाबी होतं, रिकामं कवच तसंच राहतं.