ग्रेपफ्रूट नको, पण मग पपनसाचं काय?

किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी इंग्लिशवरून केलेली माहितीपुस्तिका बघा, त्यात 'ग्रेपफ्रूट खाऊ नका' ही ओळ असतेच. आता आपल्या गावात ग्रेपफ्रूट खातंय कोण? कोणी त्याचं द्राक्षफळ केलं तर पेशंट बिचारा द्राक्षं बंद करेल आणि गणपतीत माटोळीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या चौकटीला, बांधलेलं पपनस मात्र सोलून खाईल. खरा धोका त्या पपनसातच आहे.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाची गोळी रोज घ्यावी लागते, बहुतेकांना दर १२ तासांनी. आतड्यातलं एक एन्झाइम त्यातलं बरंचसं औषध रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतं, ग्रेपफ्रूटमधली द्रव्यं हे एन्झाइमच बंद पाडतात, मग तेवढ्याच गोळीतून जास्त औषध रक्तात उतरतं आणि ते वाढलं की त्या नव्या किडनीलाच त्रास. ग्रेपफ्रूट हा मुळात पपनस आणि संत्र्याचा संकर, तीच द्रव्यं पपनसातही असतात.

पुस्तिका सोपी आहे का हे तपासायची इंग्लिशमध्ये सूत्रं आहेत, वाक्याची लांबी मोजा, शब्दातली अक्षरं मोजा. आपल्याकडे 'घरातल्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द होतो, त्यामुळे ती मराठीला जशीच्या तशी लागतच नाहीत. आणि लागली तरी काय, 'ग्रेपफ्रूट खाऊ नका' हे तीन शब्दांचं वाक्य पैकीच्या पैकी मार्क घेऊन जाईल!

आरोग्याची माहिती त्या त्या समाजाला साजेशी करायची तर त्याचे दोन थर असतात, असं अमेरिकेत १९९९ मध्ये सार्वजनिक आरोग्याचे संशोधक केन रेझनिकाऊ आणि सहकाऱ्यांनी सांगितलं. वरचा थर म्हणजे भाषा, फोटो, कपडे. खालचा थर म्हणजे घरात निर्णय कोण घेतं, देवाधर्माचं काय, भीती कसली आहे. फोटोतल्या बाईला नऊवारी नेसवली की आपल्याला वाटतं झालं काम, पण तो नुसता वरचा थर झाला. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, आई नाहीतर बायको, आणि पुस्तिकेत मात्र सगळीकडे 'दाता'. तिला विचारायचं असतं की शेतात परत कधी जाऊ, पुढे मूल होईल ना, आणि द्यायची नसेल तर घरात कळू न देता डॉक्टरांना कसं सांगू. यातलं किती छापलंय ते आधी बघावं.

मग पुस्तिका वाचून झालेल्या माणसाला सरळ विचारावं, उद्या निर्जळी एकादशी आहे, सकाळची गोळी कशी घेणार?