मार्क कमी आहेत, मुलाखतीत काय सांगायचं?

आमच्याकडे मुलाखतीच्या तयारीला येणारी बरीच मुलं पहिल्या दिवशी फाइल टेबलावर ठेवतात, पण तिच्यावरचा हात काढत नाहीत. आत एक गुणपत्रिका असते, मुद्दाम सगळ्यात खाली लावलेली. हे पत्रक त्या गुणपत्रिकेबद्दल आहे.

हे काम सुरू करण्याआधी मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात भरती पाहत होतो. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्याचं लक्ष कुठे जातं ते मला माहीत आहे. दहावीला ८४, बारावीला ६१ आणि डिग्रीच्या तिसऱ्या सेमला तीन बॅक, म्हणजे राहिलेले विषय, असतील, तर नजर आकड्यावर कमी आणि घसरणीवर जास्त जाते. प्रश्न येणारच. विचारणाऱ्याला तुम्हाला लाजवायचं नसतं. ती अडचण आता संपली आहे का आणि हा माणूस तिचं खापर कोणावर फोडतो, एवढंच त्याला पाहायचं असतं.

म्हणून 'चेकिंगच खराब झालं ना सर' हे उत्तर सोडून द्या. कधीकधी ते खरंही असतं. पण मग लगेच विचारतात, 'फोटोकॉपी काढली होती का? रिव्हॅल्युएशन टाकलं होतं का?' टाकलं असेल आणि मार्क वाढले असतील तर तो कागद दाखवा. नसेल, तर विद्यापीठाचं नाव काढू नका.

'घरगुती अडचण' हे दोन शब्दही आम्ही पहिल्याच दिवशी बंद करतो. काटोलकडचा एक मुलगा सरावात चार वेळा हेच म्हणाला. पाचव्यांदा मी विचारलं, 'अडचण म्हणजे काय रे?' तेव्हा कळलं की हिवाळी परीक्षेच्या तोंडावर वडिलांचा पाय मोडला होता आणि घरच्या संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड नेमकी तेव्हाच आली होती. मजूर लावणं, क्रेट मोजून घेणं, रात्री गाडीसोबत नागपूरच्या कळमना बाजारात जाणं, पहाटे अडत्याकडून विक्रीची पट्टी घेणं, हे सगळं एकोणीस वर्षांच्या या पोराने महिनाभर एकट्याने केलं. आणि तो निघाला होता एका गोदामात डिस्पॅच सुपरवायझरची मुलाखत द्यायला! त्याची सगळ्यात मोठी लायकी त्याने त्या दोन शब्दांखाली पुरून ठेवली होती.

त्याचं उत्तर शेवटी असं ठरलं: 'सर, तिसऱ्या सेमच्या परीक्षेच्या वेळी बाबांचा पाय मोडला होता आणि संत्र्याची तोड सुरू होती. मजुरांपासून कळमन्यात माल उतरवेपर्यंत महिनाभर मीच पाहत होतो. तीन विषय राहिले. पुढच्या उन्हाळी परीक्षेत तिन्ही काढले.' एवढं बोलून थांबायचं. त्याने सांगितलं की पुढची दहा मिनिटं मुलाखत कळमन्यावरच चालली.

सगळ्यांकडे अशी गोष्ट नसते. बहुतेकांचं कारण साधं असतं: अभ्यास केला नाही. पहिल्यांदा घर सुटलं, रूमवर राहायला लागले, सुरुवातीची दोन वर्षं हातातून गेली. कोणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतं आणि अकरावी सायन्सला गेल्यावर वर्गात काय चाललंय तेच कळेना. इंजिनीअरिंगवाल्यांचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अडकतो, तो पुढच्या दोन सेमना पुरतो. अशा वेळी खोटं आजारपण रचू नका. 'पहिली दोन वर्षं मी अभ्यासाकडे लक्ष दिलं नाही, चूक माझी होती,' हे वाक्य मान वर करून म्हणता आलं पाहिजे. मी त्या बाजूला बसलेलो असताना असं बोलणाऱ्या पोरांना पुढचा प्रश्न मनापासून विचारावासा वाटायचा.

तो पुढचा प्रश्न म्हणजे, 'मग बदललं काय?' इथे पुरावा लागतो. शेवटच्या दोन सेमचे मार्क वर गेले असतील तर ते सांगा. ते नसतील तर काम दाखवा. टॅली शिकून एखाद्या सीएच्या ऑफिसात सहा महिने एंट्र्या केल्या, कॉलेज करता करता मेडिकल दुकान सांभाळलं, स्वतः बनवलेला प्रोजेक्ट चालू स्थितीत आहे, यातलं काहीही चालेल. यातलं काहीच नसेल तर आम्ही फी घेत नाही. आधी चार-सहा महिने मिळेल ते काम करा आणि मग या, असं सांगून परत पाठवतो. काही पालक यावर नाराज होतात, तरी आमचं मत तेच आहे.

२०२१ मध्ये बारावी झालेल्यांसाठी थोडं वेगळं. त्या वर्षी राज्य मंडळाची लेखी परीक्षा झाली नाही, निकाल मूल्यमापनावर लागला. त्यामुळे बारावीचा आकडा मोठा आणि डिग्रीचा लहान, असं अनेकांचं चित्र आहे. मुलाखत घेणाऱ्याला हे माहीत असतं. कोरोनाचं नाव एका वाक्यात घ्या आणि लगेच डिग्रीत काय केलं त्यावर या.

फॉर्म भरताना ५९.६ चे ६० करू नका. सीजीपीएचे टक्के करायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. तुमच्या गुणपत्रिकेमागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात दिलेलंच वापरा, मित्राचं नको. एखादा बॅक अजून निघायचा असेल तर तो लपवू नका. नोकरी लागल्यावरही कागदपत्रांची पडताळणी होते आणि तिथे फरक सापडला तर हातची नोकरी जाते. कमी मार्कांमुळे एक जागा हुकते. खोट्या मार्कांमुळे पुढच्या कंपनीला काय सांगायचं तेही उरत नाही.

जाहिरातीत 'दहावीपासून सगळीकडे ६० टक्के' अशी अट असेल आणि तुमचे ५४ असतील, तर उत्तर कितीही चांगलं बसवलं तरी ते ऐकायला तिथे कोणी नसतं. फॉर्म चाळणीतच गळतो. तिथे महिने घालवू नका. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतले लहान कारखाने, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात कंत्राटावर काम करणाऱ्या एजन्सी, वर्धमाननगरची ट्रान्सपोर्ट ऑफिसं, इथे मालक किंवा मॅनेजर स्वतः बोलतो. बोलायची संधी आहे तिथे जा. दोन-तीन वर्षांचा अनुभव जमला की मार्कांचा प्रश्न आपोआप मागे पडतो. सरकारी स्पर्धा परीक्षांचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवा की एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, पदवीत अमुक टक्के हवेत अशी सरसकट अट नाही.

आमची पद्धत साधी आहे. उत्तर आधी मराठीत ठरवतो, कारण खरं काय घडलं ते मनातल्या भाषेतच नीट सापडतं. मग ते हिंदी-इंग्रजीत आणतो. घड्याळ लावून चाळीस सेकंदांत बसवतो. त्याहून लांब गेलं की माणूस सफाई द्यायला लागतो. पाठ करून घेत नाही. प्रश्न दर वेळी वेगळ्या शब्दांत विचारतो. कधी मध्येच तोडतो, कधी उत्तर संपल्यावर मुद्दाम गप्प बसतो, कारण त्या शांततेतच मुलं घाबरून नको ते बोलून जातात.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. सोबत आई-बाबा आले तरी चालतील, पण सरावाच्या वेळी त्यांना बाहेर बसावं लागेल. येताना दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका क्रमाने लावून आणा, नापास झालेल्या सेमचीसुद्धा. आपण तिच्यापासूनच सुरुवात करू.