अहस्तक्षेप आणि अलगतावाद: रॉन पॉल यांची नेमकी भूमिका कोणती?

२८ नोव्हेंबर २००७. फ्लोरिडात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्या रिपब्लिकन उमेदवारांचा वादविवाद सुरू होता. जॉन मॅकेन यांनी टेक्सासचे खासदार रॉन पॉल यांना तोंडावर सुनावलं की असल्याच अलगतावादामुळे, म्हणजे जगापासून फटकून राहण्यामुळे, दुसरं महायुद्ध ओढवलं. पॉल म्हणाले, मला लोकांशी व्यापार करायचा आहे, बोलायचं आहे, त्यांच्याकडे जायचं-यायचं आहे. त्यांनी कसं जगावं हे सांगायला सैन्य मात्र पाठवायचं नाही. तरी अलगतावादी हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. माझ्या मते तो अन्यायाचा आहे.

खरा अलगतावाद बघायचा तर दोन महायुद्धांमधली अमेरिका बघावी. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरितांची वाट अडवली. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने हजारो वस्तूंवरचं आयात शुल्क वाढवलं, इतर देशांनीही तसंच उत्तर दिलं आणि आधीच मंदीत सापडलेला व्यापार आणखी आटला. शेजाऱ्याच्या भांडणात काठी घेऊन न शिरणं वेगळं आणि शेजाऱ्याशी बोलणंच टाकणं वेगळं. अमेरिकेने तेव्हा दुसरी गोष्टही केली.

पॉल पहिल्या गोष्टीबद्दल, म्हणजे अहस्तक्षेपाबद्दल, बोलत होते. हवाई दलात डॉक्टर, मग प्रसूतितज्ज्ञ आणि १९७६ ते २०१३ या काळात तीन टप्प्यांत अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य. विरोधात इतक्यांदा मत द्यायचे की ‘डॉक्टर नो’ हे नावच पडलं. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर बळाचा वापर करायला नकार देणारे प्रतिनिधिगृहात सहाच रिपब्लिकन होते, त्यांतले ते एक. पण सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांनंतर, बळाच्या वापराला त्यांनीच होकार दिला होता. आपल्यावर हल्ला झाला तर लढायचं, एरवी नाही, हा त्यांचा हिशेब.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो निर्बंधांच्या बाबतीत. क्युबावरची व्यापारबंदी उठवा, तिचा फायदा कॅस्ट्रो यांनाच होतो, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. इराणवरच्या निर्बंधांनाही त्यांचा विरोध होता. दारं लावून घेऊ पाहणारा माणूस शत्रूशी व्यापार सुरू करा म्हणून कशाला भांडेल? जानेवारी २०१२ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या वादविवादात ते म्हणाले, दुसऱ्या देशांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण त्यांच्याशी वागावं. स्वतःच्याच पक्षाच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

गल्लत होण्याला कारणंही आहेत. संयुक्त राष्ट्रं, नाटो, जागतिक व्यापार संघटना, सगळ्यांतून अमेरिकेने बाहेर पडावं आणि परदेशी मदत थांबवावी, असं त्यांचं म्हणणं. २००५ मध्ये मध्य अमेरिकेशी झालेला व्यापार करार २१७ विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झाला, तेव्हाही पॉल विरोधात होते. तो मुक्त व्यापार नसून सरकारी बाबूंनी चालवलेला व्यापार आहे, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. स्थलांतराबद्दल मात्र नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला आपोआप मिळणारं नागरिकत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती, आणि तिथे ते १९२४ च्या कायद्याच्या बरेच जवळ जातात.