टेबलावरचं पुस्तक आणि लॅपटॉपमधले नियम

रविवारी दुपारी इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रचत फाशांनी खेळायचा खेळ, चाललं होतं. मावसभावाचा फायटर, म्हणजे लढवय्या, शून्य हिट पॉइंटवर (पात्राचा जीव मोजायचे गुण) आडवा पडला होता. भाचीच्या क्लेरिकनं, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पात्रानं, त्याच्यावर 'क्युअर वूंड्स' हा जखमा भरणारा स्पेल (मंत्र) टाकला. मांडीवरचं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, बघून ती म्हणाली, "मामा, वन डी एट." म्हणजे आठ बाजूंचा एक फासा. लॅपटॉपच्या मागून मामाचं उत्तर आलं, "वन कसा गं? टू डी एट आहे, हे बघ ना."

दोघांनीही समोर दिसलं तेच वाचलं होतं आणि दोघंही बरोबर होते. भाचीचं पुस्तक 2014 चं, मामाच्या स्क्रीनवर 2024 चे सुधारित नियम. स्पेलचं नाव तेच, पण नव्यात फासे दुप्पट झालेत. हीलिंग पोशन पिण्याचंही तसंच. जुन्या नियमांत त्यात अख्खी ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, जाते, नव्यात बोनस ॲक्शनवर, म्हणजे वरच्या छोट्या कृतीवर, भागतं. एखाद्याला पकडून ठेवायचं असेल तर जुन्यात दोघंही फासे टाकतात, नव्यात फक्त पकडला जाणारा सेव्हिंग थ्रो करतो, म्हणजे बचावासाठी फासा टाकतो. पुस्तकात ही सरमिसळ होत नाही, कारण एका पुठ्ठ्यात एकच आवृत्ती असते. लॅपटॉपवर शोधलं की दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी येतात, आणि घाईत कुणी साल बघत नाही.

दुसरा घोळ एसआरडीचा, आणि नवे खेळाडू त्यातच जास्त अडकतात. एसआरडी म्हणजे सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, खेळाच्या नियमांचा सगळ्यांना खुला केलेला गाभा. त्याची 5.1 आवृत्ती जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली झाली. ती फुकट उतरवून घ्या, छापून स्पायरल बाइंडिंग करा, सगळं रीतसर आहे. हात राखून खर्च करणाऱ्या मुलांसाठी मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. पण ते हँडबुक नव्हे. लढाईचे मूळ नियम आणि बाराही क्लास (फायटर, क्लेरिक असे पात्रांचे प्रकार) त्यात आहेत, मात्र प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास, म्हणजे उपप्रकार. 2014 च्या हँडबुकात क्लेरिकची सात डोमेन (त्याचे सबक्लास) आहेत, एसआरडी 5.1 मध्ये फक्त लाइफ. बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पार्श्वभूमी, तिकडे तेरा, इथे एकटं ॲकोलाइट. फीट, म्हणजे खास कसब, तेही एकच, ग्रॅपलर. त्यामुळे भाचीचं टेम्पेस्ट डोमेन लॅपटॉपवर सापडलं नाही, तेव्हा मामाला वाटलं पोरीनं मनानं रचलंय. तिचे डोळे भरून आले होते. आपल्याला सापडलं नाही म्हणून ते नाहीच, असं कुणाला सांगू नका हो.

टेबलावर दोघांचं वागणंही वेगळं. पुस्तक उघडं पडलेलं असतं, शेजारचाही त्यात डोकावतो. आमच्या पुस्तकाच्या 197 व्या पानावर, डेथ सेव्हिंग थ्रोजपाशी (मरणाच्या दारातलं पात्र वाचतं का ते ठरवणारे फासे), पोह्यांवरच्या जिरावणाचं पिवळं बोट उमटलंय. तो नियम हवा असला की सगळे "पिवळं पान काढ" म्हणतात. लॅपटॉपचं झाकण मात्र चेहऱ्यासमोर उभं राहतं. डीएमपुढची (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) पुठ्ठ्याची स्क्रीन नकाशे आणि फासे लपवायला मुद्दाम ठेवलेली असते. खेळाडूच्या लॅपटॉपला लपवण्यासारखं काही नसतं, तरी त्यामागे माणूस दिसेनासा होतो.

म्हणून माझ्या टेबलावर लॅपटॉप एकच, डीएमचा. राक्षसांचे आकडे आणि मागच्या सेशनच्या नोंदी त्यावर पटकन मिळतात, तिथे पुस्तक खरंच कमी पडतं. खेळाडूंकडे कॅरेक्टर शीट आणि मध्ये एक पुस्तक. मिनिटभरात नियम सापडला नाही तर डीएम ठरवेल तसं खेळायचं, खरं काय ते सेशन संपल्यावर बघायचं. ज्यांना बारीक अक्षर वाचायला त्रास होतो त्यांनी स्क्रीन जरूर वापरावी, फक्त आडवी ठेवता येईल असा टॅबलेट बरा.

त्या रविवारी डीएम मीच होते. आमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, 2014 च्या नियमांवर सुरू झालं होतं, म्हणून वन डी एटच धरला. सहा पडले, फायटर उठून बसला. भाचीनं पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं मोठ्ठं 2014 लिहिलं आणि मामाकडे लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला.