यादृच्छिक संख्यांची पडताळणी (आर भाषेत)

संगणकाने दिलेल्या यादृच्छिक संख्या समप्रमाणात आणि एकमेकींपासून स्वतंत्र पडतात की नाही, हे संख्याशास्त्रीय कसोट्यांनी तपासणे म्हणजे त्यांची पडताळणी होय. आर ही संगणकभाषा संख्याशास्त्रासाठीच घडवलेली असल्याने त्यासाठीची मूलभूत साधने तिच्यात अंगभूत आहेत. अर्थात या संख्या सूत्रातून निघतात, ‘सेट.सीड’ या आज्ञेला तेच बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिले की तीच मालिका पुन्हा हाती येते. आरचे नेहमीचे सूत्र मर्सेन ट्विस्टर हे असून माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी ते १९९८ मध्ये प्रसिद्ध केले.

सर्वांत सोपी तपासणी फाशाची. ‘सॅम्पल’ या निवड करणाऱ्या आज्ञेने ६००० वेळा फासा टाकावा, ‘टेबल’ या आज्ञेने दाने मोजावीत आणि ती मोजणी काय-वर्ग कसोटीला, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी अपेक्षित मोजणीपासून किती दूर आहे हे एका आकड्यात सांगणाऱ्या कसोटीला, द्यावी. कसोटीची किंमत ११.०७ च्या वर जाणे हे निर्दोष फाशाच्या बाबतीतही शंभरात सुमारे पाच वेळा घडते, त्यामुळे एकदा नापास झाल्यावरून सूत्राला दोष देता येत नाही. उलट प्रत्येक दान दर खेपेस नेमके १००० वेळा पडू लागले, तर तेच अधिक संशयास्पद मानावे.

मात्र ही कसोटी फक्त दानांची संख्या पाहते, क्रम पाहत नाही. आरसोबत येणाऱ्या ‘रँडू’ या विदासंचात त्याच नावाच्या जुन्या, बदनाम सूत्राची ४०० त्रिकुटे आहेत. कोणतेही त्रिकूट घेऊन पहिल्या संख्येच्या नऊपटीतून दुसरीची सहापट वजा करावी आणि तिसरी मिळवावी. उत्तर दर वेळी पूर्णांकाला जवळजवळ चिकटलेलेच येते. सुटी संख्या पाहून हा दोष दिसत नाही. त्रिमितीत मांडल्यावर मात्र सारे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर बसलेले आढळतात.

सूत्र चांगले असले तरी त्याच्या वापरात चूक राहू शकते, आणि खुद्द ‘सॅम्पल’मध्ये ती होती. मूळ सूत्राकडून २ चा ३२ वा घात इतक्या वेगवेगळ्या किमती मिळतात. त्याच्या दोन-पंचमांश, म्हणजे सुमारे १७२ कोटी संख्यांमधून निवड करायची झाल्यास दर दोन संख्यांच्या वाट्याला पाच किमती येतात. जुन्या पद्धतीत त्यांतील तीन विषम संख्येला आणि दोन सम संख्येला मिळत. परिणामी दहा लाख निवडींत सम संख्या ५० ऐवजी ४० टक्केच भरत. २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीपासून जादा किमती टाकून देऊन पुन्हा निवड करण्याची पद्धत आली. जुने निष्कर्ष जसेच्या तसे काढता यावेत म्हणून सदोष पद्धतीचा पर्यायही भाषेत राखून ठेवला आहे.